जुनी होडी घेताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी राहतो मावळातल्या सुदुंबऱ्याला. देहू आमच्यापासून जवळ. तुकोबांचे टाळकरी, त्यांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे महाराज, यांची समाधी आमच्या गावात आहे. गावाला सुधा नावाची नदी आहे. पावसाळ्यात ती बऱ्यापैकी नदी असते, उन्हाळ्यात मात्र चपला हातात न घेताही ओलांडता येते. समुद्र म्हणाल तर तो घाट उतरून पार खाली. अशा गावातल्या माणसानं होडीच्या खरेदीवर बोलायचं म्हणजे वाळवंटातल्या माणसानं छत्रीचा भाव सांगण्यासारखं आहे. पण मी होडी घेतली आहे. जुनी घेतली, घासाघीस करून घेतली, आणि एक गोष्ट बघायची राहिली तीही माझ्याच हातून. म्हणून बोलतोय.

आधी माझा आणि समुद्राचा संबंध सांगतो. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. मी तेव्हा नुकताच बी.ए. झालेला, खिशात चार कविता आणि परतीच्या एस.टी.चे पैसे. तिथे मुरुडकडचे एक शिक्षक भेटले. त्यांना माझ्या कविता आवडल्या की माझी नोकरी लागण्याची शक्यता आवडली, हे मला अजून कळलेलं नाही. पण दोन वर्षांनी त्यांच्याच मध्यस्थीनं माझं लग्न राजपुरीच्या मुलीशी झालं. जंजिऱ्याला जायला जिथून शिडाच्या होड्या सुटतात, तीच ही राजपुरी. आम्ही घाटावरचे मुलाणी, ते खाडीवरचे नाखवे. आमच्या घरात मासा म्हणजे आठवडे बाजारातला सुका बोंबील. नवी नवरी पहिल्याच आठवड्यात बाजारात गेली, एका मासळीचा कल्ला उचलून पाहिला आणि टोपलीवाल्या बाईला म्हणाली, "ही परवाची." गावात तिची ओळख झाली ती अशी.

सासऱ्यांची होडी लाकडी होती. सागाच्या फळ्या, त्यांच्या सांध्यांत कापूस ठासलेला, आणि दर वर्षी काजूच्या टरफलांच्या तेलाचा हात. त्या तेलानं बोटं सोलवटतात. माझ्या मेहुण्याची बोटं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, भाजलीत. सासरे गेल्यावर होडी त्याच्याकडे आली.

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. होड्या वर ओढून, शाकारून ठेवलेल्या. म्हणजे आमच्यापैकी समुद्रात कुणी नव्हतं, ही मोठीच मेहेरबानी. पण वर ओढलेल्या होडीवर झाड पडलं तर त्याचा काय उपयोग? मेहुण्याच्या होडीवर सुरूचं झाड आडवं झालं. पाठीचा कणाच मोडला. घरावरचे पत्रे गेले, ते परत बसवता आले. होडी परत बसवता येईना. सरकारी मदत आली ती घर उभं करण्यातच संपली, आणि नाखव्याचा मुलगा वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून चढला.

हे तो फोनवर कधी बोलला नाही. बायकोला मात्र कळायचं. आधी तो फोनवर "आज काय मिळालं" हे सांगायचा, आता "आज काय दिलं" हे सांगायला लागला होता.

आमच्याकडे थोडे पैसे होते. तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो, तिथून स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यातून मुलीचं लग्न झालं आणि एक रक्कम आम्ही हजसाठी म्हणून बाजूला ठेवली. २०२० साली बाहेरच्या देशांतल्या लोकांसाठी हज बंद राहिला, २०२१ सालीही तसंच. पैसे बँकेत पडून राहिले. २०२२ च्या अखेरीस मेहुण्याचा फोन आला की रेवदंड्याच्या बाजूला एक जुनी फायबरची होडी विकायला आहे, आणि तो नुसती बघून आला आहे. नुसती, हा शब्द त्यानं दोनदा वापरला.

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "ते पैसे काढा."

मी म्हणालो, "मौलवीसाहेबांना एकदा विचारू का?"

ती म्हणाली, "विचारा ना. पण आधी पैसे काढून आणा."

आता स्टोअरकीपर माणसाला माल न तपासता आत घेण्याची सवय नसते. पण होडी तपासायची कशी? इथे सुदुंबरे माझ्या मदतीला आलं. आमच्या गावात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आहे. पूर आला की इथूनच जवान रबरी होड्या आणि त्यांची इंजिनं गाड्यांवर चढवून निघतात. समुद्र नसलेल्या आमच्या गावात होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारी माणसं राहतात, ही गंमत इतकी वर्षं माझ्या लक्षातच आली नव्हती. चहाच्या टपरीवर त्यांतले एक गृहस्थ रोज भेटायचे. निवृत्तीला आलेले, इंजिनातलेच. मी विषय काढताच त्यांनी माझी कवितेची वही ओढून घेतली आणि कोऱ्या पानावर होडी काढली. हिंदीत बोलता बोलता बारा गोष्टी लिहून दिल्या. कवितांच्या खाली, माझ्याच वहीत. ती वही आजही माझ्याकडे आहे, आणि खरं सांगतो, तिच्यातलं सगळ्यात जास्त वेळा वाचलेलं पान तेच आहे.

जानेवारी २०२३ मध्ये आम्ही तिघं होडी बघायला गेलो. मी, बायको आणि मेहुणा. मुंबईच्या कुणा हौशी माणसानं गळानं मासे पकडायला ती ठेवली होती. बावीस फुटी, पांढरी, वीसेक वर्षांची. कोळ्यांच्या होड्यांना इंजिनाचा दांडा मागे बसून हातानं वळवतात. हिचं तसं नव्हतं. हिच्या बरोबर मधोमध छातीएवढं एक उभं टेबल, त्यावर मोटारीसारखं चाक, पुढे काच, काटे, बटणं. चारही बाजूंनी मोकळी जागा. अशा होडीला सेंटर कन्सोल म्हणतात. गळाला मोठा मासा लागला की तो होडीभोवती पळतो आणि काठी धरून माणसालाही त्याच्या मागे होडीभर फिरावं लागतं, म्हणून ही रचना. जाळं टाकणाऱ्याला तिचा उपयोग काय, हा प्रश्न आम्हा तिघांपैकी कुणालाही त्या दिवशी पडला नाही. मेहुणा चाकामागे जाऊन उभा राहिला आणि समोर बघायला लागला. होडी सिमेंटच्या ठोकळ्यांवर होती, समोर भिंत होती. तो भिंतीकडे बघत होता. मी ओळखलं, गडी गेला. माझंही फारसं वेगळं नव्हतं. पण माझ्या हातात वही होती.

लाकडाची होडी आपला आजार लपवत नाही. फळी कुजली की काळी पडते, बोट घातलं की आत जातं. फायबरचं तसं नाही. काचेच्या धाग्यांची चटई आणि राळेसारखं रसायन यांचे थरावर थर देऊन ती साच्यात घडवतात आणि वरून चकचकीत लेप असतो. त्या लेपाखाली काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. पाणी हळूहळू थरांत शिरलं की बारीक फोड येतात. फोड फोडला तर आतलं पाणी व्हिनेगरसारखं आंबट वासाचं निघतं. थर एकमेकांपासून सुटले असतील तर तिथे ठोकल्यावर आवाज बदलतो. त्यासाठी लाकडाची हातोडी किंवा नाणंही पुरतं. मी पाच रुपयांचं नाणं घेऊन तळाखाली आडवा झालो आणि तासभर टकटक करत सरकत राहिलो. चांगल्या जागी टण्ण आवाज येतो, सुटलेल्या जागी थप्प. बाजारात आपण कलिंगड वाजवून घेतो, त्याच्या उलट. थप्प आवाज दोन ठिकाणी आला. दोन्हींवर मी खडूनं फुली मारली. होडी दाखवायला आलेला मध्यस्थ माझ्याकडे, भाड्याच्या खोलीत भिंती मोजणाऱ्या भाडेकरूकडे बघावं तसा बघत होता.

मग मागची बाजू. इंजिन जिथे टांगतात त्या मागच्या आडव्या भिंतीच्या पोटात बहुतेक जुन्या होड्यांना प्लायवूड असतं. इंजिनाचे बोल्ट त्या भिंतीतून आरपार जातात. त्या भोकांचं लांबण गेलं की पाणी प्लायवूडमध्ये झिरपतं आणि फायबरच्या दोन पापुद्र्यांच्या मधे लाकडाचा भुगा होतो. वरून रंग तसाच. आमच्या टपरीवरच्या गुरूजींनी युक्ती सांगितली होती की इंजिन वर उचलायचं आणि त्याच्या खालच्या टोकावर आपलं वजन टाकायचं. वरच्या कडेला भिंत हलते का ते दुसऱ्यानं बघायचं. मी वजन टाकलं, मेहुण्यानं बघितलं. तो काही बोलला नाही. मी विचारलं, "हलली?" तो म्हणाला, "थोडी." त्याच्या आवाजावरून मला कळलं की थोडी नाही.

त्यानंतर पायाखालची जमीन. तळाच्या आत लांबीनं जाणाऱ्या तुळया असतात, त्यांच्यावर फळी असते. अनवाणी चालत जायचं आणि टाचेला कुठे मऊ लागतं ते बघायचं. पुढच्या बाजूला एक जागा मऊ होती. काही होड्यांच्या पोटात फोम भरलेला असतो, ती बुडू नये म्हणून. १९६१ साली अमेरिकेतल्या 'लाइफ' मासिकात एका कारखानदाराची छायाचित्रं आली होती. गृहस्थ पाण्यातल्या आपल्या होडीत बसलेले आणि होडी करवतीनं मधोमध कापून चाललेली, तरी अर्धी होडी त्यांना घेऊन तरंगतेच आहे. ही सगळी जादू फोमची. पण वीस-तीस वर्षांनी त्याच फोममध्ये पाणी मुरलं की ते बाहेर पडत नाही. होडी जड होते, पाण्यात खोल बसते. अशा होडीच्या अंगावर शेवाळाची रेघ रंगवलेल्या रेघेच्या वर गेलेली दिसते. हिची रेघ ठीक होती.

आता इंजिन. साठ हॉर्सपॉवरचं, जुन्या पद्धतीचं दोन-स्ट्रोक. मध्यस्थ म्हणाला, "एका झटक्यात सुरू होतं, बघा." तो चावीला हात घालणार तेवढ्यात बायको पुढे झाली आणि तिनं झाकणाखाली हात घातला.

"हे गरम आहे," ती म्हणाली.

"उन्हानं तापलंय, बाई."

"उभं सावलीत आहे."

थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुरत असेल तर गिऱ्हाईक येण्याआधी ते एकदा तापवून ठेवतात. वहीतली ही सातवी गोष्ट होती आणि ती मी बायकोला वाचून दाखवली नव्हती. तिला ती बाजारातून ठाऊक होती. मासळीवर पाणी मारून ताजी करणाऱ्यांची मुलगी नव्हती ती, पण त्यांच्या शेजारी बसणाऱ्यांची होती. आम्ही जेवून दोन तासांनी परत आलो. मग त्या इंजिनानं सुरू व्हायला अकरा झटके घेतले.

गुरूजींनी दाब मोजायचं छोटं यंत्र सोबत दिलं होतं. तीन सिलिंडर. दोघांचा दाब सारखा आला, तिसऱ्याचा बराच कमी. आकडा किती याला तितकं महत्त्व नसतं, तिन्ही एकमेकांच्या जवळ असावे लागतात. खालच्या डब्यातलं गिअरचं तेल थोडं काढून पाहिलं. ते दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय असं समजायचं. ते स्वच्छ होतं. थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार मागून सतत पडायला हवी, ती पडत होती. मधल्या टेबलाच्या आत वाकून पाहिलं तर तारांची टोकं हिरवी पडलेली. चाक घट्ट फिरत होतं, म्हणजे आतली केबल गंजत आलेली. सगळं लिहून घेतलं.

बारावी गोष्ट होती पेट्रोलची टाकी. ती फळीच्या खाली, तळाच्या पोटात, फोममध्ये गाडलेली होती. अॅल्युमिनियमची. बघायला फळी कापावी लागली असती. मध्यस्थ म्हणाला, आधी विकत घ्या, मग कापा. त्याचंही चूक नव्हतं. मी वहीत लिहिलं, "टाकी : पाहता आली नाही."

साडेचार लाख सांगितले होते. फुल्या, मऊ जागा, हललेली भिंत, तिसरा सिलिंडर आणि अकरा झटके, असं करत करत पावणेतीनवर आलं. व्यवहार ठरला तेव्हा मध्यस्थ मला म्हणाला, "काका, तुम्ही काय करता?" मी म्हणालो, "कविता." त्याचा विश्वास बसला नाही.

पैसे देताना मेहुण्यानं अट घातली. उसने म्हणून घेणार, दान म्हणून नाही. व्याजाचा प्रश्नच नव्हता. किनाऱ्यावर मिळकतीचे वाटे पाडतात, त्यात होडीचा वाटा वेगळा असतो. तो होडीचा वाटा, रक्कम फिटेपर्यंत, सुदुंबऱ्याला पाठवायचा असं ठरलं. बायको म्हणाली, "घरात खायला ठेवून मग पाठव." तो म्हणाला, "ते मी बघीन." भावाबहिणीचं हे बोलणं मी नुसतं ऐकलं.

होडी राजपुरीला आली, पण समुद्रात जायला आणखी अकरा महिने गेले. मागची भिंत उघडली तेव्हा आतलं प्लायवूड ओंजळीनं काढता आलं, मातीसारखं. ती नवी केली, इंजिनाच्या रिंगा बदलल्या. त्याहून जास्त वेळ कागदांनी घेतला. हौसेची होडी आणि मासेमारीची नौका या सरकारदरबारी दोन वेगळ्या जाती आहेत. मासेमारीच्या परवान्यासाठी नौकेची नोंदणी मासेमारीची म्हणूनच लागते. जुन्या होडीची नोंद रद्द करा, नवीची मोजमापं द्या, इंजिनाचा क्रमांक, विक्रीची कागदपत्रं, मूळ मालकावर कर्जाचा बोजा नाही याची खात्री. जुनी होडी घेणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की कागद आधी बघा, रंग नंतर. आम्ही उलट केलं होतं. नशीब म्हणून मूळ मालकाचे कागद नीट निघाले.

२००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे 'कुबेर' नावाची मासेमारी नौका पळवून मुंबईजवळ आले होते. तेव्हापासून किनाऱ्यावर होडीचं नाव, क्रमांक आणि खलाशांची ओळखपत्रं हे सगळं काटेकोर झालं. व्हायलाच हवं होतं. माझ्या मेहुण्याला दाढी आहे. त्याचं ओळखपत्र इतरांपेक्षा जरा जास्त वेळ हातात धरलं जातं. यावर त्याला मी एकदा काही विचारलं, तर म्हणाला, "फोटो चांगला आलाय ना माझा."

डिसेंबर २०२३ मध्ये तो आणि त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा पहिल्यांदा जाळं घेऊन निघाले. पहिले चार दिवस ठीक गेले. पाचव्या दिवशी रात्री नऊला मेहुण्याच्या बायकोचा फोन आला की दोघं अजून परत आलेले नाहीत. संध्याकाळी पाचला येणार होते. मोबाइल लागत नव्हते.

डिसेंबरात कोकणात दिवसा समुद्राकडून वारा येतो आणि रात्री उशिरा तो फिरतो. जमिनीकडून समुद्राकडे वाहायला लागतो. त्याला मतलई म्हणतात. शिडाच्या काळात याच वाऱ्यानं होड्या पहाटे बाहेर पडायच्या. पण इंजिन बंद पडलेल्या होडीला तोच वारा आत आत घेऊन जातो. हे मला बायकोनं कधीतरी कौतुकानं सांगितलेलं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. त्या रात्री ती ते बोलली नाही. मीही नाही. ती जानमाजवर बसून राहिली. मी वही काढली आणि ते पान उघडलं. अकरा गोष्टींपुढे माझ्या हातच्या खुणा होत्या. बाराव्यापुढे ते वाक्य. होडी मी पसंत केली होती. भाव मी पाडला होता. बक्षीस मिळालेल्या कवितेचं कौतुक सांगावं तसं अकरा झटक्यांचं कौतुक मी वर्षभर टपरीवर सांगत होतो. रात्री दोनला आमच्या दारावरून बटालियनची गाडी गेली, कुठे तरी. ती राजपुरीला जात नव्हती हे मला ठाऊक होतं, तरी मी उठून दारात गेलो.

सकाळी सातला फोन आला. दोघं घरी पोचले होते.

झालं होतं असं की टाकी गाडलेल्या त्या फोममध्ये कित्येक वर्षं खारं पाणी मुरलं होतं आणि त्यानं अॅल्युमिनियमला खालून टाचणीएवढी भोकं पाडली होती. लाटांच्या हेलकाव्यानं पाणी आत शिरलं. त्यात हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी धरून ठेवतं. पद्मदुर्गाच्या बाहेर इंजिन आचके देत थांबलं. मेहुण्यानं गाळणी दोनदा रिकामी केली, दोन्ही वेळा तिच्यात पाणी. मग झटके देऊन देऊन बॅटरी संपली. एक मोबाइल भिजला, दुसऱ्याची चार्जिंग गेलेली. तेव्हा त्यानं नांगर टाकला. नांगर त्यानं स्वतःच्या पैशानं घेतला होता, होडीसोबत आलेला शोभेचा नांगर त्यानं पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला होता. पाणी सात वाव, दोर सोडला तीस वाव. मी म्हणालो होतो, एवढा दोर कशाला, जागा खातो. मतलई सुटला तेव्हा होडी दोराला ताणून रात्रभर तशीच उभी राहिली. पहाटे शेजारच्या गावची एक होडी बाहेर पडली, तिनं ओढून आणलं.

मी दुसऱ्याच दिवशी एस.टी.नं राजपुरी गाठली. वाटेत खोपोलीपासून पेणपर्यंत काय बोलायचं ते जुळवत होतो. घरी पोचल्यावर वही पुढे केली आणि म्हणालो, "ही बारावी गोष्ट मी पाहिली नव्हती. तुलाही नीट सांगितली नव्हती." त्यानं पान वाचलं. मराठी तो सावकाश वाचतो. मग आत गेला आणि करवत घेऊन आला. "दुल्हाभाय," म्हणाला, "तुम्ही त्या टोकाला धरा."

दुपारपर्यंत आम्ही फळी कापून टाकी बाहेर काढली. तिच्याखालचा फोम पिळला तर पाणी गळत होतं. टाकीच्या जागी पेट्रोलचे साधे प्लास्टिकचे कॅन आले. रिकामा झाला की दिसतो, पाणी आलं तरी दिसतं. करवत हातात होतीच, तेव्हा त्यानं मधल्या टेबलाकडे पाहिलं. पाच दिवसांत त्या टेबलात जाळं सात वेळा अडकलं होतं. चाकामागे उभं राहून भिंतीकडे बघणारा तो माणूस मला आठवला. मी विचारलं, "नक्की?" त्यानं उत्तर दिलं नाही, कापायला लागला. पुढे साठचं इंजिन विकून त्यानं निम्म्या ताकदीचं, मागे दांडा असलेलं जुनं इंजिन घेतलं. पेट्रोल तिथेच वाचलं. ते घेताना त्यानं झाकणाखाली हात घातला, असं त्याच्या मुलानं सांगितलं.

टेबल मेहुण्याच्या परसात आहे. कोंबड्या त्यात अंडी घालतात. चाक अजून फिरतं, घट्टच फिरतं.

होडी चालू आहे. दर वर्षी १ जूनला वर येते, नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा खाली उतरते. आता ती शाकारतात सुरूच्या झाडांपासून लांब, उघड्यावर. वाटा येतो, कधी मनिऑर्डरीएवढा, कधी चांगला. बायको त्याच पानाच्या मागच्या बाजूला हिशेब लिहिते. पावणेतीन लाखांतले एक लाख अडतीस हजार फिटलेत. हजचा अर्ज कधी भरायचा, याचा हिशेबही ती तिथेच करते, पण तो मला दाखवत नाही. गेल्या महिन्याचे पैसे अजून आलेले नाहीत. एस.टी.च्या टपावरून सुक्या बोंबलांचं एक पोतं मात्र आलं.